छोटी रेल्वे आणि खोटा हिरवा दिवा

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत पाचव्या दिवशी संध्याकाळी दिलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते रेल्वेच्या सिग्नल विभागात अभियंता असून मंडपातील छोट्या रेल्वेचा देखावा त्यांनी केला आहे.)



समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी साधा डिप्लोमावाला माणूस. व्याख्यान वगैरे मला जमायचं नाही. त्यावर सचिव म्हणाले, "मग व्याख्यान देऊ नका. गाडीबद्दल सांगा. रोज संध्याकाळी पोरं त्या टेबलाखाली शिरतात, तिथं काय आहे तेवढंच सांगा." तेव्हा आज मी टेबलाच्या खालचं सांगणार आहे. वरचं तुम्ही रोज बघताच.

टेबलाखाली चार सर्किट बोर्ड आहेत, प्रत्येक साधारण पत्त्याच्या डावाएवढा. हे बोर्ड मी स्वतः आखलेले आहेत. ते कसे आखले, गेल्या वर्षी ते कसे चुकले आणि त्या चुकीतून मी माझ्याच धंद्याबद्दल काय शिकलो, एवढाच आजचा विषय.

आधी छंदाबद्दल. छोटी रेल्वे म्हणजे खेळणं, असा आपल्याकडे समज आहे. तो समज ज्यांना दूर करायचा असेल त्यांनी पुण्याला गेलं की कोथरूडमध्ये कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर पाहावं. बी. एस. ऊर्फ भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ पासून लोकांसाठी खुलं झालं. तिथे एक अख्खं शहर आहे. गाड्या सुटतात, थांबतात, सिग्नल बदलतात, फाटक पडतं, आणि हे सगळं एका नियंत्रण पॅनेलवरून ठरलेल्या क्रमानं चालतं. मी ते मुलांना घेऊन पाहायला गेलो होतो. मुलं गाड्या पाहत होती आणि मी पॅनेल पाहत होतो. बायको म्हणाली, "सुट्टीतसुद्धा ड्यूटीच का?" पण माझ्या मनात त्या दिवशी किडा शिरला तो शिरलाच.

आपली गाडी ज्या मापाची आहे त्याला एचओ म्हणतात. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं माप. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण युरोप-अमेरिकेचा गेज १४३५ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे हिशेबानं आपले छोटे रूळ एकोणीस मिलिमीटरच्या थोडे वर हवेत. तसे तयार मिळत नाहीत, म्हणून आपल्याकडची बहुतेक छोटी इंजिनं परक्या रुळांवरच धावतात. ज्येष्ठ मंडळींनी कुंभकोणमवरून मीटरगेजची गाडी जाताना पाहिली आहे. ती करायची तर बारा मिलिमीटरचे रूळ घ्यावे लागतील. पुढच्या वर्षी बघू. वर्गणीवर अवलंबून आहे!

आता ही गाडी चालते कशी? पूर्वीच्या पद्धतीत रुळात कमी-जास्त वीज सोडायची. जास्त वीज, जास्त वेग. त्यात अडचण अशी की एका रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदमच पळतात. १९८० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या लेन्झ कंपनीनं एक डिजिटल पद्धत तयार केली आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं तिचं सर्वांसाठी मानक केलं. तिला डीसीसी म्हणतात. हिच्यात रुळात नेहमी पूर्ण वीज असते, आपल्याकडे सुमारे चौदा व्होल्ट, पण तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते. ५८ मायक्रोसेकंदांनी उलटली तर तो 'एक', १०० मायक्रोसेकंदांनी उलटली तर 'शून्य'. या एक-शून्यांत हुकूम लिहिलेला असतो: तीन नंबरच्या इंजिनानं इतक्या वेगानं पुढे जावं. हुकूम सगळ्याच इंजिनांना ऐकू येतो, ज्याचा नंबर पुकारला तेच ऐकतं. वर्गात हजेरी घेतात तसंच. म्हणजे दोनच रूळ, पण त्यांतूनच वीज आणि त्यांतूनच हुकूम.

हुकूम देणारं यंत्र आर्डुइनो नावाच्या स्वस्त बोर्डावर आणि मोफत मिळणाऱ्या प्रोग्रामवर घरच्या घरी करता येतं. पण इंजिन चालवणं हा अर्धाच भाग झाला. रुळाच्या कुठल्या तुकड्यावर गाडी उभी आहे हे कळायला हवं आणि त्याप्रमाणे सिग्नल बदलायला हवा. तो माझा धंदा. तिथे मला बाजारचं तयार काही घ्यायचं नव्हतं.

पहिलं सर्किट मी भोकं पाडलेल्या साध्या बोर्डावर तारा जोडून केलं. घरी ते उत्तम चाललं. मंडपात आणलं, पाऊस पडला, हवा दमट झाली, पोरांनी टेबलाला धक्के दिले, आणि रोज एक तार सुटायला लागली. चार तुकड्यांचे मिळून शंभराच्या वर जोड होते आणि प्रत्येक जोड हाताचा. तेव्हा ठरवलं, छापील बोर्ड करायचा.

छापील हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण पीसीबी म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड. तारांच्या जागी तांब्याच्या रेघा आणि त्या छपाईच्या तंत्रानं उमटवलेल्या. पॉल आयस्लर नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनिअरनं लंडनमध्ये १९३६ च्या सुमारास अशा बोर्डावर रेडिओ करून दाखवला. हा आयस्लर व्हिएन्नात छपाईच्या धंद्यात काम केलेला माणूस. छपाई म्हटली की आपल्या मुलखाला परकं वाटायचं कारण नाही. सरफोजीराजांनी तंजावरला १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये तिथून 'बालबोध मुक्तावली' हे इसापनीतीचं मराठी पुस्तक छापून निघालं, तेही मुलांसाठी. एकदा खिळे नीट जुळवले की हजारावी प्रत पहिल्यासारखीच निघते, हे छपाईचं मोठं सुख. आणि एकदा खिळा चुकला की हजारही प्रती चुकतात, हे दुःख. ते दुःख माझ्या वाट्याला कसं आलं ते सांगतो.

डिप्लोमाला असताना आम्ही बोर्ड हातानं करत होतो. फायबरच्या पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. त्यावर मार्करनं रेघा काढायच्या, पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवून हलवत राहायचं. रेघांखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. मग बारीक ड्रिलनं भोकं पाडायची. त्या काळातले माझे दोन शर्ट अजून पिवळ्या डागांसकट आईनं ठेवले आहेत. हल्ली हे करायची गरज नाही. किकॅड नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात आधी सर्किटचं चित्र काढायचं, मग खऱ्या मापात सुटे भाग मांडायचे, मग रेघा ओढायच्या. शेवटी त्याच्या फाइली कारखान्याला पाठवल्या की थोड्या दिवसांत हिरवेगार बोर्ड घरी येतात. दहा बोर्डांचा खर्च कुटुंबानं एकदा बाहेर जेवायला जावं तेवढा.

रेघ ओढताना पहिला प्रश्न, किती जाड? जेवढी वीज तेवढी रुंदी. नेहमीचं तांबं ३५ मायक्रॉन जाडीचं असतं. त्यावरून एक अँपियर न्यायला साधारण ०.३ मिलिमीटर रुंद रेघ पुरते. तीन अँपियरला जवळजवळ १.४ मिलिमीटर हवी. म्हणजे वीज तिप्पट तर रुंदी चौपटीहून जास्त. माझ्या बोर्डावर रुळाकडे जाणारी रेघ मी तीन मिलिमीटरची ठेवली, कारण उत्सवात कुणीतरी रुळावर नाणं ठेवणार हे मला ठाऊक होतं. ठेवलं. दोनदा.

आणि आता माझा चुकलेला खिळा. ऑप्टोकपलर नावाचा एक आठ पायांचा भाग आहे. त्याचे पाय मी बोर्डाच्या खालच्या बाजूनं पाहून आखले, म्हणजे आरशातल्यासारखे उलटे. दहाच्या दहा बोर्ड तसेच आले. एक रात्र डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं, भाग वरून बसवण्याऐवजी खालून बसवला की पाय बरोबर जुळतात. टेबलाखाली वाकून पाहिलंत तर अजून एक बोर्ड तसा दिसेल, वटवाघळासारखा उलटा लटकलेला. तो मी मुद्दाम ठेवला आहे. मुलांनो, एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: फाइल पाठवण्याआधी बोर्ड कागदावर खऱ्या मापात छापा आणि प्रत्येक भाग त्या कागदावर ठेवून पाहा. एक रुपयाचा कागद दहा बोर्ड वाचवतो.

पण ही गमतीची चूक होती, कारण ती लगेच दिसली. खरी चूक दिसत नव्हती.

गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी आरतीनंतर काय झालं, तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. बोगद्याच्या मागे मालगाडीचे दोन डबे सुटून राहिले. मागून पॅसेंजर येत होती. सिग्नल हिरवा होता. पॅसेंजर वेगात गेली, डब्यांवर आदळली आणि इंजिन टेबलावरून खाली पडलं. सगळे हसले, मीही हसलो. तेव्हा समोर उभ्या असलेल्या एका मुलीनं विचारलं, "काका, सिग्नल तर हिरवा होता. खऱ्या गाडीलापण असं होतं?"

मी उत्तर दिलं, "नाही गं, खऱ्या गाडीला असं होत नाही." घरी गेलो आणि झोप आली नाही. कारण मी खोटं बोललो होतो.

आता थोडं समजावून सांगतो. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी ट्रॅक सर्किट शोधून काढलं. रुळाचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी वेगळा करायचा. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रिले म्हणजे विजेनं उचलला जाणारा खटका. तुकडा मोकळा असेल तर वीज रुळांतून रिलेपर्यंत पोहोचते, रिले उचललेला राहतो आणि सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, वीज तिथूनच परत फिरते, रिले उपाशी राहतो, खाली पडतो, आणि सिग्नल लाल होतो. यातली खुबी अशी की बॅटरी संपली तरी रिले पडतो. तार तुटली तरी पडतो. रूळ तुटून वेगळा झाला तरी बहुतेक वेळा पडतो. म्हणजे बिघाड कुठलाही असो, उत्तर लालच. गाडी उगाच खोळंबेल, प्रवासी आम्हाला शिव्या देतील, पण कुणी मरणार नाही. आमच्या खात्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. बिघडायचं तर सुरक्षित बाजूला बिघड. हिरवा दिवा खोटा लागता कामा नये.

आणि मी छोट्या रेल्वेसाठी काय केलं होतं? सगळे छंदवाले करतात तेच. रुळाच्या तुकड्याकडे जाणाऱ्या तारेत डायोड घातले. गाडी तुकड्यावर आली की ती वीज ओढते, डायोडांवर दीड व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो, त्यावर ऑप्टोकपलरमधला बारीक दिवा लागतो आणि बोर्डाला कळतं की गाडी आहे. डब्यांना मोटर नसते, म्हणून त्यांच्या आसावर एक रेझिस्टर चिकटवायचा, म्हणजे तेही थोडी वीज ओढतात. स्वस्त आणि सुटसुटीत. पण नीट बघा. इथे वीज वाहिली तर 'गाडी आहे', वाहिली नाही तर 'मोकळा'. मग तार सुटली तर? वीज वाहणार नाही. बोर्ड म्हणणार, मोकळा. सिग्नल हिरवा!

त्या दिवशी तेच झालं होतं. बोगद्यामागच्या तुकड्याची तार स्क्रूमधून निसटली होती. तिथे वीज नव्हती, म्हणून डबे दिसले नाहीत आणि दिवा हिरवा राहिला. पॅसेंजर आपल्याच वेगात त्यात शिरली. वीस वर्षं सिग्नलच्या खात्यात काढलेल्या माणसानं, ज्या तत्त्वावर त्याचं पोट चालतं, नेमकं त्याच्या उलट सर्किट स्वतःच्या हातानं आखलं होतं. कारण काय? तर "खेळणं आहे, चालतंय."

"खऱ्या गाडीला असं होत नाही" हे खोटं का, तेही सांगतो. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्टेशनवर काय झालं ते सर्वांना माहीत आहे. आपल्या चेन्नईकडे येणारी कोरोमंडल एक्स्प्रेस. सिग्नल मुख्य लाइनचा हिरवा होता, सांधा मात्र लूप लाइनकडे लागलेला होता. गाडी लूपवर उभ्या मालगाडीवर गेली. दोनशे नव्वदहून अधिक माणसं गेली. त्यात या राज्यात यायला निघालेले, या राज्यात राबणारे कितीतरी होते. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीतून जे जाहीर झालं ते एवढंच, की सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या फेरफारात आणि त्या दिवशी फाटकाच्या कामात चुका झाल्या होत्या, आणि तारांवरची नावं प्रत्यक्षाशी जुळत नव्हती. त्यापलीकडे मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण ज्याच्या हातात पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर आहे अशा माझ्यासारख्या माणसाला त्या बातमीनंतर कुठलीही तार जोडताना हात थोडा थांबतोच. खोटा हिरवा दिवा दीडशे वर्षांच्या तत्त्वालाही चकवून लागू शकतो. कशानं? एका चुकीच्या जोडानं आणि एका चुकीच्या अक्षरानं.

म्हणून त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं आणि म्हटलं, "बाळ, काल मी चुकीचं सांगितलं. खऱ्या गाडीलाही होऊ शकतं. होऊ नये म्हणून आम्ही असतो. पुढच्या वर्षी तुला नीट करून दाखवतो."

ते वर्षभर केलं. यंदाच्या बोर्डात तीन गोष्टी नव्या आहेत.

पहिली: दूरच्या टोकाचा साक्षीदार. प्रत्येक तुकड्याच्या जवळच्या टोकाला वीज मोजणारे डायोड आहेतच. आता दूरच्या टोकाला आणखी एक ऑप्टोकपलर आहे. रुळात वीज खरोखर पोहोचली की नाही, एवढंच तो पाहतो. रॉबिन्सनच्या रिलेची जागा त्यानं घेतली. तो स्वतः एखादा मिलिअँपियर ओढतो, तेवढ्यानं गाडी आल्याचा भास होऊ नये म्हणून डायोडांना समांतर एक रेझिस्टर लावला. डबा आला की तीनेक मिलिअँपियर वाढतात, ते मात्र कळतात. सिग्नल हिरवा व्हायला आता दोघांची साक्ष लागते: जवळचा म्हणतो "कोणी वीज ओढत नाही" आणि दूरचा म्हणतो "वीज माझ्यापर्यंत येते आहे". तार सुटली तर दूरचा गप्प बसतो, आणि सिग्नल लाल.

दुसरी: हिरवा दिवा सतत कमवावा लागतो. गेल्या वर्षी चिपच्या एका पायावर पाच व्होल्ट आले की हिरवा लागत होता. चिप अडकून बसली आणि तो पाय तसाच वर राहिला तर हिरवा तसाच राहणार. यंदा चिपनं तो पाय सतत वर-खाली करत राहायचा. त्या ठोक्यांची वीज एका कपॅसिटरमधून जाते. कपॅसिटर स्थिर विजेला पलीकडे जाऊ देत नाही, बदलत्या विजेला जाऊ देतो. ठोके चालू तर पलीकडे वीज साठते आणि रिले उचलला जातो. ठोके थांबले, पाय वर राहून थांबोत की खाली राहून, रिले पडतो. पडलेल्या रिलेवर लाल दिवा जोडलेला आहे. खऱ्या सिग्नलिंगमध्येही महत्त्वाचे रिले अशा ठोक्यांवर चालवण्याची रीत आहे. अर्थात खऱ्या रिलेत वजनानं खाली पडायची आणि संपर्क एकमेकांना चिकटू नयेत म्हणून धातूसमोर कार्बन ठेवायची सोय असते, ती बाजारातल्या या छोट्या रिलेत नाही. खेळणं ते खेळणंच. पण त्याचा स्वभाव तरी खऱ्यासारखा असावा.

तिसरी: अक्षरं. बोर्डावर पांढऱ्या शाईनं नावं छापता येतात. गेल्या वर्षी जागा वाचवायला मी ती छापलीच नव्हती. तारांचे रंग मला पाठ होते. मला पाठ होते, पण बोगद्यामागची तार पुन्हा बसवायला जो कार्यकर्ता टेबलाखाली शिरला त्याला कुठे पाठ होते? यंदा प्रत्येक स्क्रूशेजारी नाव आहे, तमिळमध्येही आणि मराठीतही, आणि तारेच्या टोकाला तेच नाव आहे. आपण इन्नंबूरचे लोक. आपल्या गावच्या देवाचं नावच एळुत्तरिनाथर, अक्षर जाणणारा. मुलांना अक्षरओळखीसाठी लोक कुठून कुठून त्याच्या पायाशी आणतात. राजानं देवळाच्या हिशेबावर संशय घेतला तेव्हा हिशेबनिसाचं रूप घेऊन देवानं स्वतः येऊन हिशेब समजावला, ही कथा तुम्ही माझ्याहून चांगली सांगाल. मला त्यातलं एवढंच भावतं, की हिशेब बरोबर असून भागत नाही, तो दुसऱ्याला वाचता यायला हवा. सर्किटचंही तेच. मी उद्या बदलून गेलो तर माझ्यामागे येणाऱ्याला तार वाचता आली पाहिजे.

एवढं करून यंदा पहिल्या दिवशी मी टेबलावर पाटी लावली: "कुठलीही एक तार काढा. सिग्नल लाल झाला नाही तर मला सांगा." पोरांना काय, आमंत्रणच मिळालं. दोन दिवसांत बहुतेक तारा निघाल्या, बसल्या, निघाल्या. प्रत्येक वेळी लाल. मी मिशीला पीळ देत होतो.

परवा तीच मुलगी आली. आता आठवीत आहे. तिनं तार पूर्ण काढली नाही. दुसऱ्या बोर्डाचा ऋण बाजूचा स्क्रू नुसता सैल केला आणि तार हलवली. मग तुकड्यावर डबा ठेवला. सिग्नल हिरवा. मी पाहत राहिलो.

रात्री शोधलं. ऋण तार सुटली तरी शेजारच्या बोर्डाकडे माहिती नेणाऱ्या तारेतून विजेनं परतीची चोरवाट काढली होती. त्या अर्ध्या विजेवर चिपमधला प्रोग्राम अडकला. मग ठोके थांबायला हवे होते ना? थांबले नाहीत, कारण ठोके देण्याचं काम मी चिपमधल्या वेगळ्या टायमरकडे सोपवलं होतं. सोयीचं पडतं म्हणून. मालक झोपलेला आणि चौकीदार यंत्रासारखा "सब ठीक" ओरडतोय, अशातला प्रकार! ज्याला निर्णय घ्यायचा त्याच्याच हातून प्रत्येक ठोका पडायला हवा, ही साधी गोष्ट मी विसरलो होतो. त्याच रात्री प्रोग्राम बदलला: दोन्ही साक्षी तपासून झाल्या की एक ठोका, पुन्हा तपासायचं, पुन्हा एक ठोका. वीज ठरलेल्या पातळीखाली गेली की चिपनं बंद व्हायचं, ही सोय चिपमध्ये होतीच, ती चालू केली. काल पुन्हा तोच स्क्रू सैल केला. लाल. चोरवाट मात्र बोर्डावरच आहे. ती बुजवायला दोन बोर्डांच्या मध्ये आणखी एक ऑप्टोकपलर लागेल, म्हणजे पुढच्या वर्षी नवे बोर्ड.

ज्या मुलांना हे करून पाहायचं आहे त्यांना दोन शब्द. एकदम चार तुकड्यांची रेल्वे करू नका. एक तुकडा, एक सिग्नल. इंजिन नसलं तरी चालेल, दोन पत्र्याच्या पट्ट्या आणि एक रेझिस्टर लावलेला आस पुरे. बारा-चौदा व्होल्टवरच काम करा, भिंतीतल्या २३० व्होल्टला हात लावायचा नाही. सोल्डरिंग शिका, ते माझ्याकडे दर रविवारी सकाळी शिकायला मिळेल, फी नाही, फक्त आपली आपली सोल्डरची तार आणा. आणि सर्किट चाललं की खूश होऊन उठू नका. आणखी एक तास बसा आणि ते कसं बिघडेल ते बघा. एकेक तार काढा, सैल करा, उलटी लावा. आपल्याला सुचलं नाही तर धाकट्या भावंडांकडे द्या. त्यांना बरोबर सुचतं.

पालकांनाही एक विनंती. मुलानं रेडिओ उघडला, पंखा उघडला की आपण ओरडतो. ओरडा, पण नंतर "परत जोडून दाखव" असंही म्हणा.

गेल्या वर्षीच्या त्या प्रश्नानं माझी झोप उडवली आणि यंदाच्या त्या सैल स्क्रूनं माझा गर्व उतरवला. दोन्ही उपकार एकाच मुलीचे. ती समोरच बसली आहे. मी नाव घेणार नाही, ती लाजेल. टेबलावरची पाटी विसर्जनापर्यंत तशीच राहील. अजून पाच दिवस आहेत. तारा तुमच्या, चुका माझ्या.



गणपती बाप्पा मोरया!